मायला दिसेल असा रंग

भाड्याच्या घराची भिंत नखाने जरा खरवडून पाहा. वरचा चुना पडला की खाली आधीच्या बिऱ्हाडाचा निळा लागतो आणि त्याच्याही खाली त्याच्या आधीच्याचा पिवळा. ब्रह्मपुरीच्या आमच्या लाइनीतले किस्से असेच आहेत. वरचा सांगायला घेतला की खालचा आपोआप बाहेर येतो, आणि ऐकणारा मध्येच विचारतो, "बरं, त्या गायीच्या तोंडाचं काय झालं?" गायीवर येतोच मी. पण आधी दारं सांगितली पाहिजेत, कारण सगळी भानगड दारांचीच होती.

मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, गेली तेव्हा आमच्या मालकांनी धानाच्या रिकाम्या कोठाराचे चार भाग पाडले आणि भाड्याने दिले. चार खोल्या, चार दारं. सुतार एकच, लाकूड एकच, चुना एकच. पहिली खोली आमची, दुसरी यशोदाबाईंची, तिसरी मास्तरांची, चौथी हवालदारांची. यशोदाबाईंचे यजमान गणपतभाऊ जंगल डेपोत मुनशी होते. लाकूडतोडीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे घरी नसत. मी राइस मिलमध्ये काट्यावर होतो. घरात मी, माझी बायको कौसल्या आणि माझी माय.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. वैनगंगेपलीकडच्या आमच्या गावात ती पायांनी बघायची. उंबरा कुठे, चूल कुठे, विहीर कुठे, सगळं पायांना पाठ. इथे पायांनाही काही ठाऊक नव्हतं. एका जागी ती बसत नसे. दारात यायची, आत जायची, पुन्हा दारात.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी मिलमधून आलो, तर माय घरात नाही! कौसल्या पाणी भरायला गेली होती. मी विहिरीकडे धावलो, रस्त्यावर धावलो. परत येतो तर शेजारच्या खोलीतून मायचा आवाज.

"काय वं, भाजीत मीठ काऊन नाई टाकलं?"

आत पाहिलं. माय यशोदाबाईंच्या पाटावर बसून जेवत होती आणि यशोदाबाई मुकाट्याने मीठ वाढत होत्या. मायला वाटत होतं, आपण आपल्याच घरात, सुनेच्या हातचं जेवतोय.

मी शरमलो. बाहेर आल्यावर म्हणालो, "यशोदाबाई, तुम्ही सांगितलं काऊन नाई, हे तुमचं घर हाय म्हणून?"

"जाऊ द्या ना भाऊ," त्या म्हणाल्या. "एकटीच्या सैपाकाले नाव ठेवाले तरी कोण येते?"

* * *

दुसऱ्या वेळी ती थेट हवालदारांच्या खाटेवर जाऊन झोपली. हवालदार ड्युटीवरून आले, पट्टा सोडला, टोपी काढली आणि अंधारात खाटेवर बसायला गेले, तो खालून आवाज आला, "कोण हाय रे मेल्या?"

हवालदार उडी मारून बाहेर! मग हात जोडून म्हणाले, "मावशी, पोलिसाच्या घरात शिरणारी तूच पहिली!"

सगळी लाइन हसली. माय नाही हसली. त्या संध्याकाळी तिने आपलं गाठोडं बांधलं. "आपलं दार आपल्याले ओळखत नाई, त्या घरात मी नाई राहत. धान निघालं का किसन्या गाडी घेऊन येईन, मी चालली गावाले."

किसना म्हणजे माझा चुलतभाऊ. गावचं आमचं घर बंद होतं, अंगणातली विहीर बिनकठड्याची, आणि मायला हातभर अंतरावरचं माणूस दिसत नव्हतं. ती बोलली की करणारी. मला त्या रात्री झोप नाही.

कौसल्या म्हणाली, "दार ओळखू येत नाई ना? मंग रंगवू दार."

* * *

रंगवायचं तर मालकांची परमिशन पाहिजे. मी गेलो. मालक झोपाळ्यावर बसले होते. माझं ऐकून झोपाळा थांबवला.

"रंग? माझ्या भिंतीले?"

"आमच्या खर्चानं, मालक."

"तेच तं!" ते ताडकन उठले. "माझे गावं कसे गेले, मालूम हाय का? ज्यानं वावर कसलं त्याचं झालं. आता ज्यानं रंगवलं त्याचं होईन!"

कायदा तसा नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावलं. हवालदारांनी समजावलं. मास्तरांनी तर अर्धा तास समजावलं. शेवटी मालक एवढ्यावर आले की, पाण्याने धुवून निघेल असाच रंग लावायचा. आणि ते रोज सकाळी पाण्याचा लोटा घेऊन तपासायला येणार!

आले हो. खरोखर रोज यायचे.

* * *

तेलाचा रंग आम्हाला तसाही परवडला नसता. मातीचे रंग बाजारात थोडक्या पैशांत मिळत. कौसल्याने आधी पिवळी माती आणली, चाळली, भिजवली, जुन्या पातळाचा बोळा केला आणि दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत अशी पिवळीधमक केली की रस्त्याने जाणारे थांबून बघत. मास्तर म्हणाले, "वा! हळदीच्या मांडवासारखं दिसतंय."

आम्ही मायला हाताला धरून अंगणात उभं केलं. कौसल्याचे हात कोपरापर्यंत पिवळे. "दिसते का?"

मायने मान इकडून तिकडे फिरवली. "कवा लावणार हाय रंग?"

"लावला ना! पिवळा हाय!"

"अस्सं? मले तं वरीसभरापासून सारं जगच पिवळं दिसून राह्यलं."

कौसल्या उंबऱ्यावर मटकन बसली. भिंत धुवायला मालकांचा लोटा त्या दिवशी आम्हीच मागून आणला.

* * *

मग निळा. कपड्याला घालायची नीळ चुन्यात कालवली. पाण्याने धुवून निघणारा रंग पावसाळ्यात कसा टिकणार, म्हणून कौसल्याने मालकांना न सांगता त्यात मीठ आणि भाताची पेज घातली. आमच्या भागात भिंतीला पेज नवी नाही. पण मालकांच्या घरी गाय आहे, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

सकाळी मालकांच्या अंगणात आरडाओरडा. गायीचं तोंड निळं! जीभ निळी, लाळ निळी. मालकांनी कपाळाला हात लावला. "गावं गेले, आता ढोरंही चालले!" ढोरांचा डॉक्टर सायकल मारत आला. त्याने गायीचं तोंड उघडलं, बोटाने जीभ पुसली, बोट हुंगलं.

"मालक, हा रोग नाही. नीळ आहे."

मालक तरातरा आमच्या दारी आले. भिंतीवर बरोबर गायीच्या मानेच्या उंचीला पांढरा स्वच्छ पट्टा पडला होता.

"म्या धुवून निघणारा रंग म्हनलं होतं," ते ओरडले, "चाटून निघणारा नाई!"

मायचं काय, विचाराल. निळा तिला दिसला, पण ती म्हणाली, "दारात दिवसाचा अंधार काऊन करून ठेवला वं?" आणि अंधार टाळून शेजारी यशोदाबाईंकडे गेली.

* * *

दिवाळी झाली. शेतांतून धान कापून झालं होतं. माय दर दोन दिवसांनी विचारायची, "किसन्या आला का?" गाठोडं उशाशी. मला मिलमध्ये काट्याचे आकडे दोनदा बघावे लागत.

गणपतभाऊ सुटीवर आले होते. त्यांनी डोकं चालवलं. "मालक भिंतीवर नजर ठेवून हाय ना? झाडावर कुठी हाय? दारापुढचं मोहाचं झाड रंगवा. झाड दिसलं का दार सापडलं."

बेत सगळ्यांना पटला. कौसल्याने मोहाच्या बुंध्याला गेरूचा रुंद पट्टा काढला. फारच सुबक निघाला. आणि आम्ही सगळे कामावर गेलो, गणपतभाऊ बाजारात.

दुपारी गणपतभाऊंच्या हाताखालची तोडीची माणसं जंगलाकडे जाताना मुनशींना भेटायला आली. मुनशी घरी नव्हते. पण मुनशींच्या दारात झाड, आणि झाडाला गेरूचा पट्टा! जंगलात तोडायच्या झाडाला असाच पट्टा मारतात. माणसांनी कुऱ्हाडी उतरवल्या आणि दगडावर परजायला घेतल्या.

मालकांनी घरातून पाहिलं. ते मोह त्यांच्या वडिलांच्या हातचं. धोतर सावरत पळत आले, पण धाप लागून शब्द फुटेना!

झाडाखाली माय बसली होती. तिला कुऱ्हाडी दिसल्या नाहीत, फक्त आवाज आला. "कोण पाहुणे हाय? बसा बापा. पाणी देते सून."

सुनेने, म्हणजे यशोदाबाईंनी, पाणी दिलं आणि हा पट्टा कशाचा ते सांगितलं. टोळीतले म्हातारे लच्छूदादा कुऱ्हाड आडवी ठेवून झाडाला टेकले.

"साहेबाचा पट्टा असन तं तोडतो," ते म्हणाले. "बाईचा असन तं बसतो."

मालकांनी मग स्वतःच्या हाताने पट्टा धुतला. पाच-सहा लोटे लागले. शेवटचा लोटा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ओतला.

* * *

एका सकाळी कौसल्या गेरूने सारवलेल्या ओट्यावर रांगोळी घालत होती. हातातला पिठाचा डबा कलंडला. माय बाहेर येत होती. ती एकदम पाय मागे घेऊन थांबली.

"हे पांढरं काय सांडलं वं?"

पुन्हा चिमूटभर पीठ घेऊन कौसल्याने पुढे टाकलं.

"अन् हे इथी," माय म्हणाली.

दुपारपर्यंत दाराच्या चारी बाजूंना गर्द गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाचे रुपयाएवढे पांढरे ठिपके. मी मिलमधून आलो तर माय अंगणाच्या त्या टोकाला जाऊन परत येत होती. पुन्हा जात होती, पुन्हा येत होती. दर वेळी आमच्याच दारात! "पाह्य बापा," मला म्हणाली, "दार दात काढून हासून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मालक लोटा घेऊन हजर. आडवं पाणी मारलं. ठिपके ओघळले. आतून माय म्हणाली, "कोण हाय? दारात पाणी काऊन सांडून राह्यले?"

"बुढे, हे दार तुयं नाई, माझं हाय!"

"तुझंच हाय गा," माय म्हणाली. "म्या काई उचलून नेत नाई. मले निस्तं सापडू दे."

मालक उभे राहिले. लोट्यात अजून पाणी होतं. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि निघून गेले. न्यायला परत आले नाहीत. कौसल्या त्यातच पीठ कालवू लागली.

* * *

पण मायचं गाव सुटलं नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यात डोळ्यांची तारीख मिळाली तेव्हा तिने धानाच्या घाईत अडकलेल्या किसनाला निरोपच धाडला, "डोळे उघडले का टेशनावर गाडी आण. थेट गावाले." आंधळी असताना विहिरीची भीती घालता येत होती. डोळस माणसाला काय सांगणार?

ऑपरेशन नीट झालं. जाड भिंगांचा चष्मा मिळाला. चष्मा लावून तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "तू कवा बुढा झाला गा?"

ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर किसना बैलगाडी घेऊन उभाच होता. मी एवढंच म्हणालो, "गाठोडं घरी हाय. घेऊन जा." गाडी लाइनीपुढे आली आणि पाहतो तर काय! मायच्या स्वागताला, कौतुकापोटी, शेजाऱ्यांनी सगळ्यांनीच आपापली दारं गेरूने रंगवून वर ठिपके काढले होते. यशोदाबाईंनी, मास्तरांनी, हवालदारांनीसुद्धा! चारही दारं सारखी. चारही हसत होती.

सगळे अंगणात जमले. मालक मोहाखाली उभे होते. माय गाडीतून उतरली, चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक दार बघितलं.

"काकी, बैल सोडू का जुपलेलेच राहू देऊ?" किसनाने विचारलं.

ती आमच्या दारापाशी आली, एक ठिपका बोटाने चाचपला, कौसल्याकडे बघून हसली. मग तशीच पुढे गेली, यशोदाबाईंच्या दारात वाकून शिरली आणि पाटावर बसली.

कौसल्या हळूच पुढे झाली. "आपलं दार अलीकडचं हाय."

"मालूम हाय मले," माय आतून म्हणाली. "आता दिसते ना."

मग आवाज चढवला. "किसन्या, बैल सोड! अन् यशोदे, आज तरी भाजीत मीठ टाक वं!"