माझ्या तोंडी दुसरीचा आवाज

ये गं, कागदावरच का होईना, जरा जवळ येऊन बस. पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेतेस, आणि जन्मभर सिनेमे बघितलेल्या अज्जीला एक शब्द विचारत नाहीस, हे बरं नव्हे.

गेल्या वर्षी धारवाडात आमच्या मळमड्डीत एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. दिग्दर्शक म्हणाला, "अज्जी, घरी बोलता तसंच बोला. धारवाडी मराठीच पाहिजे." मला शेजारणीचं काम होतं. दारात उभी राहून मी सिनेमातल्या सुनेला विचारलं, "यव्वा, ऊटा झाला का, का उपाशीच बसलीयास?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सिनेमा हुबळीला लागला तशी मी अख्खी गल्ली घेऊन गेले. पडद्यावर माझे ओठ हलले, आणि आवाज आला भलत्याच बाईचा! "सूनबाई, जेवण झालं का गं?" अगदी बातम्या वाचल्यासारखा. शेजारची अक्का कानाशी म्हणाली, "त्या दिवशी पडसं झालं होतं काय तुला?"

फोन केला तर दिग्दर्शक म्हणतो, "तुमची भाषा तिकडं पुण्याच्या लोकांना कळली नसती, अज्जी." मग आलास कशाला बाबा? आमचा कट्टा चालला, रांगोळी चालली, माझ्या सुरकुत्यासुद्धा चालल्या. बोलणं तेवढं चाललं नाही. तेव्हापासून मी थेटरात पाऊल ठेवलेलं नाही.

तू आवाज जोडायचंच काम शिकतेस ना? मग ते रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ये, आणि माझं वाक्य माझ्या आवाजात ठेवून दे. सुट्टीची वाट बघू नकोस. पुढचे दोन दात हलायला लागलेत, लवकर ये.