कट्ट्यावरचं दूध

आमच्या मंगळवार पेठेत संध्याकाळ झाली की कोपऱ्यावरच्या कट्ट्यापाशी म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी समोरच धार काढतो, फेसासकट पेला हातात देतो, आणि माणसं उभ्या उभ्या पिऊन, ओठावरचा फेस पुसत घरी जातात. माझे सासरे, घरात सगळ्यांचे आबा, उभा जन्म ते दूध पीत आलेत. त्यांच्या लेखी ते औषध. त्या औषधानंच माझी पोर पुन्हा दवाखान्यात गेली, असं मी आजही म्हणते.

लेक पाच वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. केमोचा मोठा टप्पा संपवून तिला घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही, कच्चं काहीही द्यायचं नाही. मी पाणी उकळत होते, चमचे उकळत होते. आणि नातेवाईक? हातकणंगल्याच्या मावशींनी चपला काढल्या न काढल्या तोच पोरीचे मुके घेतले. मास्क पुढं केला तर म्हणाल्या, "आमी काय रोगी हाय व्हय?" शिवाय निघताना दारात, "लई वाळलीया की पोर. खायला घालतीस का न्हाय?" मी त्यांच्या मागं दार धाडकन लावलं.

पोर सगळं सोसत होती आणि मला तेच जास्त खुपायचं. पूर्वी केस विंचरायला घेतले तरी ओरडून गल्ली गोळा करणारी ही, आता सुई घेऊन नर्स आली की स्वतःहून हात पुढं करायची. भरवलं तेवढं गिळायची. काही मागायची नाही, नको असंही म्हणायची नाही.

एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली येते तो पोर नाही आणि आबाही नाहीत. थोड्या वेळानं दोघं आले. ती त्यांच्या कडेवर, मास्क हनुवटीखाली, वरच्या ओठावर पांढरी मिशी.

"काय पाजलंत तिला?"

"इख न्हाय पाजलं. म्हशीचं दूध हाय. आमी सगळी त्यावरच वाढलोय की."

दुसऱ्या दिवशी ताप चढला. तो दुधामुळंच आला असं खात्रीनं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मला सांगता येत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आबांना जन्मात पहिल्यांदा बोलले, तोंडाला येईल ते बोलले. 'तुम्ही' म्हणणं मात्र सुटलं नाही, शिव्यासुद्धा अहोजाहो करूनच दिल्या. नवरा म्हणाला, "हळू, लोक बघायल्यात." बघू देत.

आबा खाली मान घालून म्हणाले, "पोरीनं मागितलं गं. घरला आल्यापास्नं पयल्यांदाच कायतरी मागितलं तिनं. न्हाय कसं म्हणू?"

यावर माझा राग उतरायला हवा होता. तो आणखी भडकला. दिवसभर तिच्यापुढं वाट्या नाचवायच्या मी, आणि तिनं मागायचं यांच्याकडं! मी नाहीच म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ताप उतरला, आम्ही घरी आलो. आबांनी कट्ट्यावर जाणं सोडलं. संध्याकाळ झाली की भिंतीला टेकून बसून राहायचे. मला तेही बघवेना. शेवटी मीच किटली त्यांच्या हातात दिली आणि दूध आणायला धाडलं. आणलेलं दूध चांगलं उकळवलं, निववलं आणि आबांच्याच पेल्यातून पोरीला दिलं.

तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली आपटला. "ह्यात फेस न्हाय. मला कट्ट्यावरचं पायजे."

"हेच मिळेल. पी."

"न्हाय पिणार!"

पाय आपटले, पेला ढकलला, दूध फरशीभर झालं. आवाज तर असा, की एवढ्याशा छातीत तो इतके दिवस कुठं होता कोण जाणे. मी आबांकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. मी फडकं घेऊन फरशी पुसली, पातेल्यातलं उरलेलं दूध पेल्यात ओतलं आणि तिच्या वरताण ओरडले, "पी म्हणते ना!"

"न्हाय, न्हाय, न्हाय!"

आबा उठले आणि त्यांनी गल्लीकडची खिडकी सताड उघडली. "ऐकू दे की गल्लीला."