हट्टी माणसांची वही

अख्ख्या शिरोळ तालुक्यात आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगतो. गाव कृष्णेच्या काठावर. आधीच्या महापुरात बोटी दारापर्यंत आल्या, तरी निम्मं गाव "एवढं पाणी चढत न्हाय" म्हणत घरात बसलं. त्यात साडू पहिले! त्यांच्यापायी माझ्या मेव्हणीला, अक्कांना, दोन दिवस पत्र्यावर काढावे लागले. पूर ओसरल्यावर साडूंना काय उपरती झाली कुणास ठाऊक, त्यांनी एक वही केली: गावात कोण हलणार नाही आणि कोण कशानं हलेल. "तात्या: म्हस आधी न्या, मागनं पळत येतोय." "शेजारची म्हातारी: सुनेनं सांगू नये, उलटं करत्या." "सरपंचाचा चुलता: छावणीच्या शाळेतली पंख्याखालची जागा भावकीनं धरली म्हणायचं." माहिती काढायला घरोघर चहा पीत फिरायचे. लोक दार लावून घ्यायला लागले.

तहसीलच्या बैठकीत साहेबांनी बोटी, जॅकेटं, भोंगे, सगळं वाचून दाखवलं. साडू उठले. "बोटी झाल्या की साहेब. माणसं बसणार कशी?" सगळे हसले. साहेबांनी मात्र वहीची झेरॉक्स काढून घेतली.

पुढच्या पुरात म्हस पुढं, तात्या मागं. दुपारपर्यंत गाव रिकामं! राहिले एकटे साडू, उंबऱ्यावर चहा पीत. साहेबांनी वही चाळली, तर ह्यांचं नावच नाही! विनवण्या झाल्या, दमदाटी झाली. शेवटी अक्का पिशवी घेऊन तरातरा बोटीत जाऊन बसल्या. "मी निगाले. तुमी बसा पाण्यासंगं गप्पा मारत." चाळीस वर्षांत त्या पहिल्यांदाच नवऱ्याच्या पुढं चालल्या होत्या. साडू कपबशीसकट बोटीत चढले. मग वहीत स्वतःचं नाव घातलं: "बायकोला आधी न्या."

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. जूनमध्ये भेटलो, तर वही पुढ्यात घेऊन साडू म्हणाले, "आता हितं काय लिवायचं हो, पावणं?" ह्या माणसानं आजवर स्वतःसाठी कुणाचा सल्ला विचारला नव्हता.

परवा नदी चढतेय कळल्यावर आमच्या उचगावहून तडक गेलो आणि त्यांच्या सोप्यात फतकल मारली. "मी हितनं हलत न्हाय," म्हणालो. साडू भडकले. "अवो, पावण्याला बुडवला म्हणून गाव तोंडात शेण घालंल की माझ्या!" शिव्या घालतच त्यांनी पिशवी भरली, दाराला कडी घातली आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. शाळा येईपर्यंत मी तो हात सोडला नाही.