आक्कानं नुसत्या हातानं ओळखलं

आज पट्ट्यावर चालणाऱ्या उभ्या ड्रिल मशीनला तेल घालताना त्या वासानं थोरली बहीण आठवली. आक्कानं वडगावात जन्मभर यंत्रमाग चालवला. काही वर्षांपूर्वी हे जुनं मशीन मी भंगारातून आणून घरामागच्या शेडमध्ये महिनाभर दुरुस्त करत होतो. गंज घासला, बेअरिंग बदलली, तरी ते थरथरायचंच. शेवटी मोडीत द्यायचं ठरवलं, तेवढ्यात आक्का आली. तिनं चालू मशीनच्या खांबावर तळहात ठेवला.

"पट्टा लई ताणलाईस रं. सैल सोड."

"आक्का, ह्यो माग न्हाय."

"व्हय, पण पट्टा पट्टाच की."

नाइलाजानं मोटरचा पट्टा सैल केला. थरथर थांबली, भोक सरळ पडलं. तेव्हा मी योगायोग म्हणून हसलो. आता ती नाही, आणि वाटतं, एवढी जाणती बाई समोर उभी होती, 'कसं कळलं?' एवढंही मी विचारलं नाही.