वडूजच्या बाई आणि आमची ग्यारंटी

वडूजच्या डॉक्टरीणबाई कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच आमच्या सर्व्हिस खात्यात सगळे त्यांना टरकून असत. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजला की ते निवतं. बाई चहा घेत नसत. काउंटरसमोरच्या बाकावर ताठ बसत आणि शांतपणे विचारत, "आज काय सांगणार आहात?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत एका मोटारविक्रेत्याकडे मी कारकून होतो. तक्रार लिहून घ्यायची, जॉबकार्ड भरायचं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं, हे माझं काम. बाईंनी नंबर लावून सहा वर्षं गाडीची वाट पाहिली होती. वडूजच्या आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणाला जायला त्यांना ती हवी होती. चालवायच्याही स्वतःच. गाडी दसऱ्याला मिळाली आणि दोन महिन्यांतच वाटेत बंद पडू लागली. उन्हातून बराच वेळ चालली की इंजिन गप्प. तासभर थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू.

आमच्याकडे मात्र ती एकदाही बंद पडली नाही. मेकॅनिक फाटकाबाहेर एक चक्कर मारून यायचा आणि मी कार्डावर लिहायचो, 'दोष आढळला नाही.' तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "दवाखान्यात पोचेपर्यंत रोग्याचा ताप उतरला, तर त्याला ताप नव्हताच असं मी लिहीत नाही."

बाई गाडीचा केसपेपर ठेवत, अगदी रोग्याचा ठेवतात तसा. कुठे बंद पडली, किती वाजता, किती वेळानं सुरू झाली, सगळं बारीक अक्षरात. मॅनेजरसाहेबांनी तो उघडूनही पाहिला नाही. "तुमच्याकडची धूळ बघा बाई, गाडी काय करणार?" म्हणाले. पुढच्या वेळी "कंपनीला पत्र लिहिलंय," त्यानंतर "कंपनीचा माणूस येणार आहे." तो कधी आला नाही. बाहेरच्या मिस्त्रीला दाखवायचीही सोय नव्हती. त्यानं इंजिनाला हात लावला की ग्यारंटी गेली, असं आम्हीच त्यांना बजावलं होतं. सहा महिन्यांची ती ग्यारंटी आमच्या बाकावर बसूनच संपत आली.

एप्रिलात बाई म्हणाल्या, "तुमच्यातलं कुणीतरी माझ्याबरोबर वडूजपर्यंत चला. गाडी कशी बंद पडते ते डोळ्यांनी बघा." ब्याद टळावी म्हणून साहेबांनी मला पाठवलं, मला, ज्याला पाना धरता येत नव्हता!

विटा मागे पडलं आणि मायणीच्या अलीकडे, भर दुपारी, गाडी थांबली. बाईंनी घड्याळ पाहून वेळ टिपली. आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिलो. तेवढ्यात एका शेतकऱ्यानं बाईंना ओळखून आपली बैलगाडी थांबवली.

"आवं बाई, पुन्हा हितंच?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुमी कंपनीचं व्हय?"

मी मान हलवली.

"मग ऐका. माझी कारभारीण अडली हुती. बाई सोता न्यायला आल्या. दवाखान्यात न्यायची म्हून गाडीत घातली, आन् ह्या वळणाव गाडी बसली. बाईंनी मागच्या शिटावरच तिला मोकळी केली. ती वाचली. प्वार न्हाई वाचलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सोसवेना. त्यानं बैलगाडीतली पाण्याची कळशी काढली, आम्हा दोघांना पाणी पाजलं आणि बैल हाकले.

"बाई, हे साहेबांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "लगेच काम झालं असतं."

"तिचं मूल आणून मी तुमच्या काउंटरवर ठेवू? गाडी दुरुस्त व्हावी म्हणून?"

तासाभरानं गाडी सुरू झाली, तेव्हा तीही वेळ त्यांनी केसपेपरात टिपली.

मी एसटीनं परतलो आणि कार्डावर लिहिलं, 'गाडी माझ्यासमोर बंद पडली.' साहेबांनी आधी कॅलेंडर पाहिलं. ग्यारंटी संपून चार दिवस झाले होते. "आता कंपनी ऐकायची नाही," ते म्हणाले. मी हट्टानं पहिल्या तक्रारीपासूनची सगळी कार्डं जोडून कंपनीला अर्ज धाडला. साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

ग्यारंटी संपली म्हटल्यावर बाईंनी विट्याच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं : 'मिस्त्रीनं इंजिन तापलेलं असताना तपासलं. अर्ध्या तासात दोष सापडला. इंजिनाला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल तापली की दगा देत होती. नवी घातली. गाडी बरी आहे. इतके दिवस तिला तुमची ग्यारंटी बाधत होती.'

कंपनीचं उत्तर दिवाळीनंतर आलं. अर्ज मंजूर, सोबत लहानशा खोक्यात नवी कॉइल. ती टपालानं पाठवायला मला धीर होईना. रजा काढून वडूजला गेलो.

दवाखान्याच्या पडवीत बायका बसल्या होत्या. बाईंनी खोकं उघडलं, कॉइल बाहेर काढली आणि पुन्हा आत हात घालून तळ चाचपला.

"चिठ्ठी नाही?"

"कसली, बाई?"

"चुकलं म्हणून."

चिठ्ठी नव्हती. मी खाली बघत म्हणालो, "आमचं चुकलं, बाई."

त्यांनी रिकामं खोकं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "चार महिने खेटे घातले हो मी. एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही." कॉइल त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. "घेऊन जा. दुसऱ्या कुणाची गाडी अडली असेल, त्याला लावा. आणि त्याला बाकावर बसवू नका." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पंधरवड्यात तशीच तक्रार घेऊन तासगावचे एक मास्तर आले. मी कार्ड न भरता, कुणाला न विचारता ती कॉइल त्यांच्या गाडीला बसवायला लावली. साहेबांनी मला मेमो दिला. पुढे बढत्यांची पत्रं आली, कौतुकाचीही आली, ती कुठे गेली ठाऊक नाही. तो मेमो मात्र मी अजून जपून ठेवलाय.