न दिलेला झटका

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत बसले होते. माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "मंग शेजारच्या लेकराले आता कोन न्हाऊ घालते?" पलीकडे मावसभाऊ रडता रडता हसला. मावशी सत्तरी ओलांडून गेली, आणि आदल्या दिवशीपर्यंत लोकांची तान्ही मुलं न्हाऊ घालत होती... अशा बाईसाठी सुतकी चेहरा करून बसणं मला अजून जमलेलं नाही.

मुकुटबन गावात तिचा दरारा होता. पाय लांब करून ती पाटावर बसली, बाळ नडग्यांवर पालथं घेतलं, की त्याची सख्खी आजीसुद्धा तोंड उघडत नसे. तेल, ऊन पाणी, आणि शेवटी तिचा तो नामांकित झटका. बाळाला दोन्ही पायांनी उलटं धरायचं आणि गदागदा हलवायचं. त्यानं अंगातली भीती झडते, असं सगळ्यांचंच म्हणणं. बायका तो बघायला मुद्दाम थांबत, आणि मावशीही जरा फुशारत असे.

माझी आई लवकर गेली, म्हणून माझं पहिलं बाळंतपण मावशीकडेच झालं. कापसाची ती वाईट वर्षं. अळीनं आणि पडलेल्या भावानं मिळून घरोघरची माणसं चिडकी करून ठेवली होती. गल्लीतला विलास एका संध्याकाळी कापसाची गाडी न विकता तशीच परत घेऊन आला. बायको पाण्याला गेलेली, तान्हं दुपारपासून रडत होतं. त्यानं त्याला दोन्ही हातांनी काखांखाली धरलं आणि जोरजोरानं हलवलं. बाळ गप्प झालं... घरच्यांना वाटलं, झोपलं. सकाळी त्याला आकडी येऊ लागली. मावशी त्यांच्याबरोबर यवतमाळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी समजावलं, की तान्ह्याचं डोकं जड आणि मान कच्ची. हलवलं की मेंदू आतल्या आत आपटतो, बारीक शिरा तुटून रक्त साचतं, आणि वरून साधा ओरखडाही दिसत नाही. मुलगा वाचला, पण त्याची नजर गेली. मावशीनं एकच विचारलं, न्हाणं झाल्यावर आम्ही पाय धरून हलवतो, त्याचं काय? तेही करू नका, डॉक्टर म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात माझ्या लेकीचं बारसं. सासरची मंडळी सकाळीच आली. न्हाणं आटोपलं आणि सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, तुमच्या झटक्याचं लई ऐकलं, आता आमच्या नातीला द्या, नाहीतर पोरगी भित्री निघेल. मावशीनं बाळ कपड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच त्याचे पाय धरायला हात पुढं केला, आणि मावशीनं त्यांचं मनगट पकडलं. भर बारशात विहिणीचं मनगट!

"ईनबाई, माह्या हातानं म्या लय लेकरं हालोली. नशीब म्हनून वाचली," मावशी म्हणाली. "हे आजपासून बंद. पोरगी भित्री निंगाली तं माह्या दारात आनून सोडजा. जलमभर पोशीन."

सासूबाई न जेवता गेल्या. मावशीनं मात्र दोनदा वाढून घेतलं. मला तेव्हा इतका अभिमान वाटला, की सासरी काय ऐकावं लागेल याची भीतीच उरली नाही.

काही दिवस गावानं तिला बोलावणं सोडलं. झटका नाही तर कसली सुमनबाई! मग एकेक बाई मुकाट्यानं परत आली, कारण तिच्यासारखं न्हाणं दुसरीला जमत नव्हतं. विलासला तिनं तोंड लपवून बसू दिलं नाही. त्याला सोबत घेऊनच ती दारोदार फिरली. आपल्या हातून काय झालं ते तो खाली मान घालून सांगायचा, आणि मग मावशी त्या घरच्या बापाला बजावायची, "लेकरू रडून मरत नाही. हातात राग आला तं त्याले पाळन्यात ठेव अन् आंगनात येऊन उभा राह्य. आमी येतो." अशा उभ्या राहिलेल्या बापाला कुणी हसलं, तर मावशीच्या तोंडून त्याच्या सात पिढ्यांची उजळणी व्हायची. हळूहळू हसणारेच संपले. त्यानंतर मुकुटबनातून तसं एकही लेकरू यवतमाळला न्यावं लागलं नाही. ही मावशीची कमाई.

तेरवी आटोपून मी स्टँडकडे निघाले, तर एका अंगणात एक तरणा बाप हाताची घडी घालून उभा होता. आत तान्हं टाहो फोडत होतं. तो मला ओळखत नव्हता, मीही त्याला ओळखत नव्हते. मला बघून तो लाजला नाही. नुसता वाटेतून बाजूला झाला. मी पिशवी त्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि आत गेले.