पॅन्सी गाय आणि फाटकातला क्रूस

कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यात लव्हडे ट्रेगेन्झा एकटीच राहायची. चाळिशी उलटलेली, आणि जीव सगळा पॅन्सी नावाच्या गाईवर. धारेआधी फाटकाच्या दगडी खांबाला मनसोक्त पाठ घासू दिली नाही, तर ही पॅन्सी सरळ पान्हा चोरायची.

घासून घासून खांबावरचं शेवाळ निघालं आणि खाली कोरलेला क्रूस दिसू लागला. पाद्रीसाहेब धावत आले, शेणातच गुडघे टेकून बसले.

"अहो बाई, हा खांब म्हणजे तर आपल्या चर्चच्या आवारातला जुना क्रूस! शेकडो वर्षांपूर्वीचा!"

"मग न्या की. देवाची वस्तू मी कशाला ठेवू? फक्त फाटकाला दुसरा खांब द्या."

गावचा पाथरवट हॅनिबल युरेन, विधुर माणूस. त्याने घोड्यांकरवी क्रूस ओढत नेऊन चर्चच्या आवारात उभा केला आणि लव्हडेला नवा खांब घडवून दिला, अगदी चकचकीत. पॅन्सीने तो हुंगला नि तोंड फिरवलं. शनिवारी ती कुंपण मोडून पसार झाली.

लव्हडे दोर घेऊन शोधत चर्चपाशी पोचली, तर तिथे लग्नाचं वऱ्हाड बाहेर पडत होतं आणि पॅन्सी क्रूसाला पाठ घाशीत डोळे मिटून उभी! नवरी हसून हसून खाली बसली.

गर्दीत हॅनिबल दिसताच लव्हडे कडाडली, "काय रे, खांब सांगितला होता की आरसा?"

"चुकलं बाई. गिऱ्हाइकाच्या पाठीला हात लावून बघायला हवा होता."

सोमवारी तो छिन्नी घेऊन खांब खडबडीत करायला आला. मग परत आला, परत आला. कधी डावी बाजू, कधी उजवी. लव्हडे चहा आणि केशर घातलेला गोड पाव पुढे करायची. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय गं, खांब घडवताय की राजवाडा?"

शेवटी पॅन्सी नव्या खांबाला खूश होऊन पाठ घासू लागली. काम संपलं. हॅनिबल अगदी सावकाश हत्यारं गोळा करू लागला.

"गोठ्याची भिंत पण खचलीय," लव्हडे म्हणाली.

"खरंच?"

"नाही. पण तू थांबणार असशील तर खचवते."

त्याने पिशवी खाली ठेवली.

वसंतात त्यांचं लग्न झालं. पाद्रीसाहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच लव्हडे "हो" म्हणून मोकळी झाली, आणि हॅनिबलला इतकं हसू आलं की त्याची पाळी आली तेव्हा त्याने नुसतीच मान डोलावली.